गिरणगावच्या गाण्यावर देखावा करतोय: सुरुवात पोवाड्याने की भजनाने?

पखवाज_लालबाग

मंडळी, नमस्कार.

यंदा आमच्या मंडळाचा गणपतीचा देखावा 'गिरणगावचं गाणं' या विषयावर करायचं ठरलंय. विषय मी मांडला, म्हणून संहिताही माझ्याकडे आली. साउंड हे तर माझं रोजचंच काम, ते आधीच धरलेलं होतं. पुतळे नाहीत, चलचित्र नाही. पडदा, उजेड आणि आवाज, एवढ्यावर बारा मिनिटं उभी करायची आहेत.

अडलंय ते सुरुवातीवर. कार्यकारिणीतल्या निम्म्या लोकांना पडदा उघडताच डफ हवाय. पोवाडा, संयुक्त महाराष्ट्र, हुतात्मा चौक, १ मे १९६०, शेवटी जयघोष. रांगेतल्या माणसाच्या अंगावर काटा येणार यात शंका नाही. पण पोवाडा काही आभाळातून पडला नाही. त्याच्या आधी चाळीच्या खोल्यांमधून भजन होतं, पटांगणात शक्ती-तुरा, म्हणजे कोकणातला सवाल-जवाबी गाण्याचा सामना, होता, थिएटरात तमाशा होता, बरोबरीने आंबेडकरी चळवळीचे गाण्याचे कार्यक्रम म्हणजे जलसे होते, भीमगीतं होती. ते सगळं गाळून थेट डफावर गेलो तर ज्यांच्या गळ्यात हे गाणं तयार झालं ती माणसंच दिसेनाशी होतात, असं माझं ठाम मत आहे.

हे मला सुचलं ते अमेरिकेतल्या मेम्फिस शहरामुळे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

बांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ साली महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी अमेरिकन गायक-गिटारवादक बडी गाय येऊन गेले. तेव्हापासून मी ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या कष्टकऱ्यांचं गाणं, ऐकतोय आणि मिळेल ते वाचतोय. लुईझियानातल्या लेट्सवर्थ गावी बटईने शेती करणाऱ्या घरात हा माणूस जन्मला, लहानपणी कापूस वेचला आणि १९५७ मध्ये शिकागोला गेला. कापूस म्हटल्यावर गिरणगावचा माणूस पुढे वाचतोच. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तिथल्या दक्षिणेचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आपल्या वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबई बंदरातून वाटेल त्या भावाने जाऊ लागला. त्या पैशावर मुंबई फुगली आणि युद्ध संपताच सट्टा कोसळला. गिरण्या मात्र वाढतच गेल्या; पहिली तर कावसजी दावर यांनी ताडदेवला १८५६ मध्येच चालू केली होती. म्हणजे मिसिसिपीच्या डेल्टात कापूस वेचताना जे गात होते आणि इथे साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, जे उभे होते, ते एकाच बाजाराच्या दोन टोकांना होते. घरदार मागे सोडून शहरात आलेले, पाळीला बांधलेले, रात्री एकत्र बसून गाणारे.

आता मेम्फिसची गोष्ट. तिथे मॅक्लेमोर अव्हेन्यूवर कॅपिटल नावाचं जुनं सिनेमा थिएटर होतं. जिम स्टुअर्ट आणि त्यांची बहीण एस्टेल ॲक्स्टन यांनी १९६० मध्ये ते भाड्याने घेऊन रेकॉर्डिंग स्टुडिओ केला. तीच पुढे स्टॅक्स कंपनी. ओटिस रेडिंग, सॅम अँड डेव्ह, आयझॅक हेस, स्टेपल सिंगर्स, सगळे तिथले. खुर्च्या काढल्या, पण जमीन थिएटरची उतरती होती तशीच राहू दिली. आमच्या धंद्यातल्या माणसाला यात फार रस असतो. जमीन आणि छत समांतर असलं की आवाज दोघांमध्ये उड्या मारत राहतो आणि घुमारा येतो. जमीन तिरकी असली की तो पसरतो. ओटिस रेडिंगच्या रेकॉर्डमध्ये ड्रमच्या मागे जी मोठी जागा ऐकू येते, ती त्या थिएटरची आहे.

१९७५ च्या अखेरीस कंपनीचं दिवाळं निघालं. १९८९ मध्ये इमारत पाडली. बरीच वर्षं नुसता रिकामा प्लॉट होता. मग त्याच जागी, तसाच दर्शनी भाग पुन्हा बांधून २००३ मध्ये सोल संगीताचं (ब्लूज आणि चर्चच्या गाण्यातून आलेलं काळ्या लोकांचं गाणं) संग्रहालय उघडलं, आणि आतली स्टुडिओची जमीन पुन्हा मुद्दाम उतरती केली! पण मला सगळ्यात भिडलं ते वेगळंच. आत गेल्यावर सुरुवातीलाच त्यांनी मिसिसिपीतल्या डंकन गावचं एक साधं लाकडी चर्च मांडलंय, १९०६ च्या सुमाराचं, सुटं करून आणून पुन्हा जोडलेलं. सोन्याची गाडी, चकचकीत कोट, सोनेरी रेकॉर्ड हे सगळं त्यानंतर. हे गाणं कुठून आलं ते आधी सांगायचं आणि मग त्याचं वैभव दाखवायचं.

तर माझा प्रश्न: आपल्या देखाव्यात त्या चर्चच्या जागी काय ठेवावं? मी म्हणतो भजनाची खोली. तुम्हाला काय वाटतं? आणि देखाव्याच्या बाहेर मंडपाच्या भिंतीवर गाण्याच्या जागांचा नकाशा लावायचाय, त्यात कोणत्या जागा आल्याच पाहिजेत? जुन्या कॅसेट कोणाकडे असतील तर तेही कळवा.

सातरस्ता_अण्णा

बाळा, विषय घेतलास ते फार चांगलं केलंस. मी डिलाइल रोडला वाढलो, आता बदलापूरला असतो. आमच्यातले बरेच तिकडेच गेले.

जागा सांगतो. परळचं कामगार मैदान घे. तिथे सभा असली की पुढारी बोलायच्या आधी शाहीर उभे राहायचे. लाल बावटा कलापथकाचं सुरुवातीचं काम आमच्या थोरल्यांनी पाहिलेलं: अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर. अमर शेखांना मी स्वतः ऐकलंय, अगदी लहान होतो. त्या आवाजाला माइक लागत नसे. लालबागचं हनुमान थिएटर घे, तमाशाचं. सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यातली माणसं तिथे. आमची कोकणातली भजनाला आणि शक्ती-तुऱ्याला. दामोदर नाट्यगृह घे, १९२२ चं. कामगार रंगभूमी तिथे उभी राहिली. आणि घाटकोपरचं चिरागनगर घ्यायला विसरू नकोस, ते गिरणगावात येत नाही म्हणून कोणी हरकत घेतली तरी. अण्णा भाऊ तिथे झोपडीत राहून लिहीत होते.

पोवाडा की भजन या भानगडीत मी पडत नाही, पण 'माझी मैना गावावर राहिली' या गाण्याचा विचार कर. लोक ते संयुक्त महाराष्ट्राचं गाणं म्हणून लावतात. ते आहेच. पण त्याची सुरुवात बघ. पोटासाठी मुंबईला आलेला माणूस गावाकडे राहिलेल्या बायकोची आठवण काढतो, तिचं रूप सांगतो, निघतानाचं तिचं रडणं सांगतो. मग मुंबईचं वर्णन येतं, आणि पुढे बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव येतात, आणि मैना म्हणजे तुटलेला मुलूख होते. एका गड्याच्या खोलीतलं दुःख सगळ्या प्रांताचं कधी झालं ते ऐकणाऱ्याला कळतसुद्धा नाही. तू म्हणतोस त्या ब्लूजमध्ये असंच असेल तर मला ते ऐकायला आवडेल. मड्डी वॉटर्सचं नाव नातवाकडून ऐकलंय.

आणि एक विनंती. भोंग्याने सुरुवात करू नका. गिरणगावावर काहीही केलं की भोंगा वाजतो. आम्ही त्या आवाजाला उठायचो, पण तो मालकाचा आवाज होता.

पखवाज_लालबाग

अण्णा, भोंगा काढला. संहितेत होता, आत्ताच खोडला. मालकाचा आवाज, हे मी कार्यकारिणीत तुमच्या नावाने सांगणार आहे.

मड्डी वॉटर्स अगदी ऐका. डेल्टातल्या क्लार्क्सडेलजवळ स्टोव्हल नावाच्या मळ्यावर ते ट्रॅक्टर चालवायचे. १९४१ मध्ये लोकगीतं गोळा करणारे ॲलन लोमॅक्स सरकारी ग्रंथालयासाठी रेकॉर्डिंग यंत्र घेऊन तिथे गेले आणि त्यांच्याच खोपटात त्यांचं गाणं मुद्रित केलं. १९४३ मध्ये ते आगगाडीत बसून शिकागोला गेले आणि कारखान्यात कामाला लागले. तिथल्या गोंगाटात साधी गिटार ऐकू जाईना म्हणून विजेची घेतली. आपल्याकडचा रत्नागिरीचा माणूस भाऊच्या धक्क्यावर उतरायचा आणि गावकऱ्यांच्या खोलीवर वळकटी टाकायचा, तेच हे.

गोरेगाव_पूर्व

सगळं छान आहे, पण अमेरिका कशाला मध्ये? ज्ञानोबा-तुकोबांपासून आपल्याकडे गाण्याला काय कमी आहे? गणपतीच्या मंडपात मेम्फिसचं नाव ऐकून लोक गोंधळतील. अभिमान बाळगायचा तर आपल्या मापाने बाळगा.

पखवाज_लालबाग

दादा, मंडपात मेम्फिसचं नाव येणारच नाही. देखाव्यात सगळं इथलं आहे. मला त्यांच्याकडून फक्त एक गोष्ट घ्यायची आहे, ती म्हणजे जागेवर नाव लिहिण्याची चिकाटी.

मिसिसिपी हे तिथलं सगळ्यात गरीब राज्यांपैकी एक. २००६ पासून त्यांनी ब्लूजच्या जागांवर पाट्या लावायला घेतल्या. पहिली पाटी हॉली रिज इथे ब्लूज गायक चार्ली पॅटनच्या थडग्याजवळ. आज दोनशेच्या वर आहेत. शेताच्या बांधावर, केस कापायच्या दुकानाशी, रेल्वेरुळांपाशी. टटवायलर गावच्या स्टेशनवर १९०३ च्या सुमाराला डब्ल्यू. सी. हँडी नावाचे वादक गाडीची वाट बघत बसले होते, तेव्हा शेजारी एक फाटक्या कपड्यांचा माणूस गिटारच्या तारांवर सुरीचं पातं घासत एकच ओळ पुन्हा पुन्हा गात होता. हँडींनी नंतर ते सगळं लिहून ठेवलं. त्या माणसाचं नाव कोणाला माहीत नाही, स्टेशनही आता नाही, पण पाटी आहे. आपल्याकडे ज्यांची नावं माहीत आहेत, घराचे पत्ते माहीत आहेत, त्यांच्या तरी पाट्या कुठे आहेत? फिनिक्स मिलच्या जागी मॉल झाला, कमला मिलमध्ये ऑफिसं झाली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यांच्यात बुवा किती होते, शाहीर किती होते, ढोलकीवाले किती होते, हे कोणी कुठे लिहून ठेवलंय?

आता भजनच का म्हणतो ते सांगतो, कारण कार्यकारिणीतही मला हेच विचारलं. माझे वडील साचेवाले होते आणि रात्री भजनात झांज धरायचे. आमच्याकडच्या भजनात बुवा पेटीवर बसतात, ओळ टाकतात, कोरस ती उचलतो. पहिल्यांदा जशीच्या तशी. दुसऱ्यांदा बुवा ओळीचं शेपूट तोडतात आणि अर्धीच देतात, कोरसने ती पुरी करायची. मग लय चढते. पखवाजवाल्याने धुमेला, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाला, कणीक नुकतीच ताजी लावलेली असते, त्यामुळे डावा हात पोटात लागतो. गजराला आलं की बुवा एकच शब्द देतात आणि बाकीचं सगळं कोरसच्या हातात जातं. तोपर्यंत मागे भिंतीला टेकून बसलेला, दिवसभर साच्यावर उभा राहून पाय सुजलेला माणूससुद्धा गुडघ्यावर आलेला असतो. डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा सामना, असेल तर समोरचे बुवा हे सगळं कान देऊन ऐकत असतात, कारण उत्तर द्यायचंय. गॉस्पेलच्या, म्हणजे काळ्या लोकांच्या चर्चमधल्या भक्तिगीतांच्या, कॉयरची रेकॉर्डिंग ऐका: एकट्याचा आवाज, मग सगळ्यांचा, मग एकट्याचा अर्धा शब्द. मला ते कोणी शिकवावं लागलं नाही. माझा हात आपोआप मांडीवर गेला.

आणि शाहिराने सभेत एक ओळ टाकली की हजारो माणसं झेलायची, ती सवय त्यांना कुठे लागली होती? याच खोल्यांमध्ये.

नायगावची_लेक

जय भीम.

धागा सगळा वाचला. मनापासून लिहिलंय, म्हणून मीही मनापासून लिहिते.

दादा, तुमचे वडील साचेवाले होते म्हणालात. माझे आजोबाही गिरणीत होते, पण साच्यावर जाऊ शकत नव्हते. साचेखात्यात पगार जास्त होता आणि तिथे आमच्या लोकांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यात (मागावर आडवं सूत नेणारी लाकडी नळी) सुताची नवी कांडी भरली की सुताचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागायचं, आणि अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा बाकीच्यांना चालत नसे. आजोबा रिंगखात्यात, म्हणजे सूतकताईत. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. मग तुमच्या त्या भजनाच्या खोलीत आजोबा कुठे बसले असते? मेम्फिसवाल्यांनी चर्च ठेवलं कारण ते त्यांचं स्वतःचं होतं, काळ्या लोकांनी बांधलेलं. आमचं चर्च तुमची खोली नाही. आमचं चर्च जलसा आहे.

१९३० च्या दशकातले जलसे, भीमराव कर्डकांचा जलसा, तिथून धरा. मग वामनदादा कर्डक (१९२२–२००४), सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, मुंबईत शिवडीच्या बीडीडी चाळीत राहिलेले. तरुणपणी अक्षरओळख झाली आणि पुढे आयुष्यभर गाणी लिहिली, गावोगाव फिरून गायली. विठ्ठल उमप घ्या. २६ नोव्हेंबर २०१० ला नागपुरात दीक्षाभूमीच्या कार्यक्रमात मंचावरच कोसळले आणि गेले. प्रल्हाद शिंदे घ्या. आषाढीला घराघरात ज्यांचा आवाज लागतो त्याच गळ्याने भीमगीतं गायली, कव्वाली गायली. तुम्ही गॉस्पेल-सोल म्हणता ना, क्लार्क्सडेललाच जन्मलेले सॅम कुक आधी सोल स्टरर्समध्ये देवाची गाणी गात होते, मग बाहेर येऊन प्रेमाची आणि शेवटी हक्काची गायली. प्रल्हाददादा तर एकाच वेळी सगळं गात होते.

आणि गोरेगावच्या दादांना सांगते, अमेरिकेशी नातं आमच्याकडे आज जोडलेलं नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉईस यांना पत्र लिहून काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. १९७२ मध्ये याच मुंबईत दलित पँथर निघाली, नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं. मेम्फिसमध्ये १९६८ साली सफाई कामगारांचा संप होता. 'मी माणूस आहे' एवढंच लिहिलेले फलक घेऊन ते रस्त्यावर चालत होते. त्यांच्यासाठी मार्टिन ल्यूथर किंग तिथे गेले आणि ४ एप्रिलला लॉरेन मोटेलमध्ये त्यांना गोळी घातली. स्टॅक्सचे कलाकार त्याच मोटेलमध्ये उतरायचे, गाणी लिहायचे, कारण काळे आणि गोरे एकत्र बसू शकतील अशा जागा त्या शहरात थोड्या होत्या. हे सांगितल्याशिवाय मेम्फिसचा अभिमान सांगता येत नाही. तसाच गिरणगावचा अभिमान धोट्याची गोष्ट सांगितल्याशिवाय सांगू नका.

पाटी लावाल तेव्हा तिच्यावर कोणाचं नाव पहिलं, ते मी बघायला येणार आहे.

पखवाज_लालबाग

ताई, जय भीम. या, नक्की या.

तुमचं लिहिणं वाचून रात्री संहिता पुन्हा काढली. साउंडवाला म्हणून विचार केला. मंडपात डावीकडे आणि उजवीकडे वेगवेगळे स्पीकर आहेत. पडदा उघडायच्या आधी पूर्ण अंधार. डावीकडून भजनाचा कोरस, लांबून, बंद दाराआडून येतो तसा. थोड्या वेळाने उजवीकडून जलशाची ढोलकी आणि डफ, तोही लांबून. दोन्हींमध्ये रिकामी जागा, कोणी कोणाच्या खोलीत नाही. मग निवेदनात धोट्याची गोष्ट, चार वाक्यांत, तुम्ही लिहिली तशीच सरळ. त्यानंतर कामगार मैदान, आणि तिथे पहिल्यांदा आवाज मधोमध येतो. संप संपला, मैदान सुटलं की पुन्हा दोन बाजूंना जातो. तो शेवटपर्यंत मध्येच ठेवला तर खोटं होईल.

हे तांत्रिकदृष्ट्या सोपं आहे. कार्यकारिणीला पटवणं अवघड जाईल, पण मी पटवणार. धोट्याचं निवेदन तुमच्याच आवाजात असावं असं मला वाटतं. विचार करा.

भायखळा_उपासना

नमस्कार. मी मराठी ख्रिस्ती, भायखळ्याची. गॉस्पेलचा विषय निघाला आणि आमचं नाव कुठेच नाही, म्हणून लिहिते. मुंबईतलं ख्रिस्ती गाणं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गिटार आणि इंग्रजी कॅरोल येतात.

अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईत १८१३ मध्ये उतरले. त्यांच्याबरोबर त्यांच्या चाली आल्या आणि मराठी शब्द त्या चालींत कोंबून गायले जायचे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ते बदललं. कोकणातल्या करजगावचा जन्म, १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा. त्यांनी ख्रिस्तभक्ती अभंगात आणली, ओवीत आणली, भजनाला टाळ-मृदंग आणले, कीर्तनाचा आग्रह धरला. आजही आमच्या 'उपासना संगीत' या पुस्तकात त्यांची कितीतरी गीतं आहेत आणि रविवारी ती पेटी-तबल्यावर गायली जातात.

मला हे आठवलं ते अमेरिकेतले गॉस्पेल गीतकार थॉमस डॉर्सी यांच्यामुळे. ते आधी 'जॉर्जिया टॉम' या नावाने ब्लूज वाजवायचे. १९३२ मध्ये बाळंतपणात त्यांची पत्नी नेटी गेली, पाठोपाठ बाळही गेलं. त्या दुःखात त्यांनी प्रभूला हात धरायची विनवणी करणारं गीत लिहिलं, तेच पुढे महालिया जॅक्सन यांनी गायलं. सुरुवातीला शिकागोच्या मोठ्या चर्चना डॉर्सींची गाणी नको होती, कारण त्यांत बाजारातल्या ब्लूजचा वास यायचा. टिळकांच्या टाळ-मृदंगालाही आमच्यातल्या काहींनी नाकं मुरडली होती, ते देवळातलं वाटतं म्हणून. दोघांनीही लोकांच्या तोंडी जी चाल आधीच होती तीच प्रार्थनेत घेतली.

गिरण्यांमध्ये नगर-जालन्याकडचे ख्रिस्ती कामगारही होते. दादा, नकाशात भायखळ्याचं एक मराठी चर्च घ्याल का? देखाव्यात जागा नसली तरी चालेल, नकाशात हवं.

पखवाज_लालबाग

ताई, घेतलं. नुसतं नकाशात नाही, देखाव्यातही एक ओळ ऐकवू. तुमच्याकडे पेटी-तबल्यावर म्हटलेलं रेकॉर्डिंग असेल तर पाठवा. नसेल तर रविवारी प्रार्थनेनंतर येऊन मी करून घेईन, पास्टरसाहेबांची परवानगी तेवढी काढा.

कॅसेट_दुरुस्ती_शिवडी

सगळे कॅसेट मागताय, म्हणून कळकळीने सांगतो. माळ्यावरून काढलेली कॅसेट थेट डेकमध्ये घालू नका! मुंबईच्या पावसात टेपवर बुरशी येते, खिडकीतून बघितलं तर पांढरट ठिपके दिसतात. ती तशीच वाजवली तर हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला देते. दुसरं, आतल्या पत्तीवरचा बारीक फेल्टचा तुकडा जुन्या कॅसेटमधून गळून पडलेला असतो. मग आवाज येतो-जातो आणि माणसाला वाटतं टेपच खराब झाली. टेप चांगली असते. स्क्रूवाली रिकामी कॅसेट घ्यायची आणि दोन्ही रिळं तिच्यात बसवायची.

वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवून घ्या. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. हेडच्या बाजूच्या छोट्या स्क्रूने कोन जुळवा, झांजेचा आवाज स्वच्छ टोकदार येईपर्यंत. भजनाच्या कॅसेटला याच्याइतकी सोपी खूण नाही. कॉम्प्युटरवर घेताना वेव्ह फाइल, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. एमपीथ्री नंतर करा, वाटायला. आणि खरखर काढायच्या नादात कोरसच्या मागची माणसं कापू नका. कोणीतरी चहा आणतंय, कोणीतरी 'वाहवा बुवा' म्हणतंय, ते राहू दे.

शाहिरांच्या, जलशांच्या कॅसेट ६ डिसेंबरला शिवाजी पार्कच्या स्टॉलवर ढिगाने मिळायच्या. नंतर सीडी आल्या, मग पेनड्राइव्ह. लोकांनी कॅसेट फेकून दिल्या. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी पुन्हा विकत मिळतील या भरवशावर राहू नये. बऱ्याच कुठेच मिळणार नाहीत. मी दुरुस्तीचे पैसे घेणार नाही.

सातरस्ता_अण्णा

माझ्याकडे आमच्या चाळीच्या सत्यनारायणाला झालेल्या डबलबारीची एक कॅसेट आहे. दोन्ही बुवा आता नाहीत. नातू घेऊन येईल. नावं, गाव, चाळ नंबर सगळं मी कागदावर लिहून देतो, कारण नुसत्या आवाजावरून पुढच्यांना काय कळणार.

पखवाज_लालबाग

अण्णा, तो कागद कॅसेटइतकाच महत्त्वाचा आहे.

कालच्या मिटिंगमध्ये ठरलं ते सांगतो. सुरुवात दोन बाजूंनी, अंधारात. 'माझी मैना' मध्यावर, पण आधी फक्त तिचा बायकोच्या आठवणीचा भाग, वाद्याशिवाय. मुलखाची नावं येतात तिथे डफ. डफवाल्या मंडळींना त्यांचा डफ मिळाला, ते खूश आहेत. नकाशात कामगार मैदान, हनुमान थिएटर, दामोदर, नायगाव आणि शिवडीच्या बीडीडी चाळी, चिरागनगर, भायखळ्याचं चर्च आणि चैत्यभूमी. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गाच्या बीडीडी चाळींच्या जागी टॉवर उभे राहताहेत, म्हणून नव्या सोसायट्यांना आम्ही आत्ताच पत्र देणार आहोत: तुमच्या आवारात एक छोटी पाटी लावू द्या, खर्च मंडळाचा. शिवडीच्या चाळींनाही पत्र देणार, आणि पहिलं पत्र वामनदादांच्या नावाने तिकडेच जाईल.

स्टॅक्सवाल्यांनी संग्रहालयाच्याही आधी, २००० साली, त्याच गरीब वस्तीतल्या पोरांसाठी संगीताची शाळा काढली होती. आमच्याकडे शाळेचे पैसे नाहीत, पण मंडळाच्या कार्यालयात गणपतीनंतर दर शनिवारी पखवाज आणि ढोलकी शिकवायचं मी आणि आमचे ढोलकीवाले भाऊ करणार आहोत. फी नाही. कुठल्याही चाळीतलं, कुठल्याही टॉवरमधलं पोर चालेल, मुली तर आवर्जून पाठवा.

कॅसेट रविवारी सकाळी दहानंतर कार्यालयात घेऊ. शिवडीचे भाऊ स्वतः बसणार आहेत. प्रत्येक कॅसेटबरोबर कागदावर बुवांचं किंवा शाहिरांचं नाव, साथीला कोण होतं, कुठे आणि अंदाजे कोणत्या साली, आणि कॅसेट कोणाची, एवढं लिहून आणा. फाइल करून कॅसेट त्याच आठवड्यात परत. नायगावच्या ताई, तुमच्या निवेदनाचं रेकॉर्डिंग त्याच दिवशी दुपारी ठेवलंय. त्या वेळी बाहेर रस्त्यावर आवाज कमी असतो.